पश्चातची ओळ

निधनवार्तेचे शेवटचे वाक्य ठरलेले असते. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ नवा बातमीदार ते पहिल्याच आठवड्यात पाठ करतो आणि पुढे नोकरीभर डोळे मिटून लिहितो. आदिलाबादच्या आमच्या कार्यालयात या एका वाक्यासाठी लोकांशी भांडणारा माणूस होता. त्यांचे नाव माणिकराव.

आमचे दैनिक मराठी. छापले जाई पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात. पानाचा निर्णयही तिकडेच होई. आदिलाबादेत दोन खोल्यांचे कार्यालय, चार माणसे. माणिकराव पदाने वार्ताहर होते. कापसाचे भाव, आठवडी बाजार आणि निधनवार्ता हे त्यांचे काम. राजकारण त्यांच्याकडे कधी गेले नाही, त्यांनीही ते मागितले नाही. ‘पुढारी मेला की येतेच माह्याकडं,’ असे ते म्हणत.

मैतीच्या घरी फोन लावताना ते खुर्चीतून उठत. कार्यालयात कोणी का बसलेले असेना, ते उभे राहून बोलत.

‘‘तिकडचा मानूस बसून असते का? मंग आपण काऊन बसाचं?’’

आधी नाव, वय, गाव, अंत्यसंस्काराची वेळ. मग पहिला प्रश्न, ‘‘घरात कोन कोन हाय?’’ त्याचे उत्तर तयार असे. ते लिहून झाले की माणिकराव दुसरा प्रश्न विचारत.

‘‘आनखी कोन रडून राह्यलं?’’

या प्रश्नाला उत्तर लगेच मिळत नसे. माणिकराव फोन कानाला लावून थांबत, घाई करत नसत. मग पलीकडचा आवाज खाली येई. कोणी सांगे, एक पोरगी आहे, तिने तेलुगू मुलाशी लग्न केले, आम्ही बोलत नाही. कोणी सांगे, मामाचे शेतावर दुसरे घर होते. माणिकराव ती माणसे ओळीत घालत. ‘दोन पत्नी’ असे छापणारे आमचे दैनिक त्या भागात बहुधा एकटेच असेल.

तहसील कचेरीत वारसनोंदीला अजून निजामाच्या काळातला शब्द आहे, विरासत. माणिकराव म्हणत, ‘‘विरासत तहसीलात, पश्चात आपल्या इथी. ते जमीन कोनाले ते पाह्यते. आपण कोनाच्या घरात अंधार झाला ते पाहाचं.’’

एकदा एका किराणा व्यापाऱ्याचे दोन मुलगे सकाळीच पेपर घेऊन कार्यालयात आले. वडिलांच्या बातमीत ‘एक मुलगी, जावई’ छापले होते. बहिणीने जातीबाहेर लग्न केले होते, तिचे नाव घरात कोणी काढत नसे.

‘‘कोन सांगतलं तुमाले जावयाचं?’’

‘‘तुमच्या मायनं.’’

‘‘आमी तिले मेली समजतो!’’ थोरला ओरडला.

माणिकरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘मंग तवा काऊन नाई आले जी इथी? तिची बी छापली असती म्या. पश्चात आई, वडील, दोन भाऊ. तुमचंच नाव आलं असतं.’’

धाकट्याला हसू आवरले नाही. दोघे पेपर तिथेच टाकून गेले.

माणिकराव भाजीबाजारामागच्या गल्लीत राहत. त्या घराच्या खालच्या भागात ‘वसंत बिछायत केंद्र’ होते. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, मोठी पातेली भाड्याने देण्याचा हा धंदा. त्याचे मालक वसंतराव. आडवा बांधा, मोठा आवाज, तोंडात सतत बडीशेप. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर त्यांनी लाल रंगाने ‘वसंत’ लिहून ठेवले होते, कारण लग्नघरची माणसे नवरी परत पाठवतील पण खुर्ची पाठवणार नाहीत, असे त्यांचे मत होते. वरच्या दोन खोल्यांत हे दोघे राहत. तरुणपणापासून राहत. दोघांनी लग्न केले नव्हते, आणि का केले नव्हते हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत होते.

गावाला या घराची गरज लग्नातही पडे आणि मरणातही. एकाच दारात यायचे, वर माणिकरावांना बातमी सांगायची आणि खाली वसंतरावांकडून तेरवीच्या सतरंज्या ठरवायच्या. जेवताना फोन वाजला की वसंतराव विचारत, ‘‘ओ रिपोर्टर, कोन गेलं? सतरंज्या काढू का?’’

‘‘थांब ना वसंता. आधी लेकरं इचारू दे.’’

‘‘इचार, इचार. या मानसाले जित्त्यापेक्षा मेलेलेच जास्त वळखतात,’’ असे आल्यागेल्याला सांगून ते माणिकरावांच्या ताटात आणखी एक भाकर टाकत.

गाव त्यांना नावे ठेवत नव्हते असे नाही. पानठेल्यावर ‘जोडी आली’ असा आवाज हमखास येई. लग्नात वसंतरावांना कोणी ना कोणी विचारी, ‘‘वसंतराव, साऱ्याइचे मांडव टाकता, तुमचा कवा?’’ वसंतराव मोठ्याने हसत. ‘‘माहा टाकला त् भाडं कोन देईन बाप्पा?’’ लोक हसत आणि मंडप तोच ठरवत. हे हसणे म्हणजे स्वीकार, असा या गावाचा समज होता. आजही आहे. आम्ही काही बोलत नाही, तुम्हीही काही म्हणू नका, हा एकतर्फी करार होता. त्यावर त्या दोघांची सही कोणी घेतली नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांना गुन्हा म्हणता येणार नाही असा निकाल दिला, त्या दिवशी कार्यालयात टीव्ही चालू होता. जाहिरातीचे काम पाहणारा एक जण म्हणाला, ‘‘माणिकराव, पेढे आना आता!’’

माणिकराव कापसाचे भाव टाइप करत होते. एका बोटाने टाइप करायची त्यांची सवय. बोट न थांबवता ते म्हणाले, ‘‘मी काऊन आनू? मी त् कालबी हाच व्हतो. सुधराचं तुमाले हाय, पेढे तुमी आना.’’

पेढे कोणीच आणले नाहीत.

रेणुकाची गोष्ट त्यानंतरची. ती आठवडी बाजारात मिरच्या आणि लसूण विकायची. साडी, कपाळाला मोठे कुंकू, भारदस्त आवाज. जन्मली तेव्हा घरच्यांनी नाव किसन ठेवले होते. ती तापाने गेली. भीमपूरकडच्या गावातून तिच्या भावाचा फोन आला. त्याने ‘किसन’ म्हणून सांगायला सुरुवात केली. माणिकराव उभे होते.

‘‘किसन म्हून हाक कोन मारे तिले?’’

माणिकराव ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘माय मारे म्हनता? माय हाय का आता? ... नाई ना. मंग त्या नावानं तिले कोनी वळखत नाई, दादा. रेणुका लिहितो. आनखी कोन रडून राह्यलं?’’

तिच्यासोबत तिच्यासारख्याच आणखी दोघी राहत होत्या. आजारपणात त्यांनीच केले होते. माणिकरावांनी लिहिले, ‘त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय व दोन सोबतिणी असा परिवार आहे.’ दुसऱ्या दिवशी छापून आले, ‘भाऊ, भावजय व दोन बहिणी’. नदीपलीकडच्या डेस्कने, म्हणजे तिथल्या उपसंपादकांनी, शब्द बदलला होता. माणिकराव खूश होते. ‘‘बहिनी त् बहिनी. ओळीत आल्या ना,’’ म्हणाले. डेस्कने समजून घेऊन वाट काढली, असे त्यांना वाटले. त्यांनी तो अंक बाजारात नेऊन त्या दोघींना दिला.

हा समज चुकीचा होता. डेस्कने काही समजून घेतले नव्हते. न समजणारा शब्द काढून समजणारा टाकला होता, इतकेच. माणिकरावांना हे कळले ते स्वतःची वेळ आली तेव्हा.

वसंतराव लग्नसराईच्या अखेरीस गेले. गोदामात ताडपत्रीची घडी घालताना छातीत कळ आली. दवाखान्यात माणिकरावांनीच नेले. तिथे सही कोणाची, हा प्रश्न निघाला. ‘रक्ताचे कोण?’ असे विचारले गेले. भाऊ गावाहून येईपर्यंत माणिकराव बाकाजवळ उभे होते. भाऊ पोचले तेव्हा सहीची गरज उरली नव्हती.

भाऊ दोन, भीमपूर मंडलात कापूस-ज्वारीची शेती करणारे. मृतदेह गावी नेला. तिरडीपुढे मडके थोरल्या भावाने धरले. माणिकरावांनी त्यावर वाद घातला नाही. कार्यालयातून आम्ही दोघे गेलो होतो. वसंतरावांच्याच टेम्पोतून वसंतरावांच्याच खुर्च्या आल्या होत्या. अंगणातल्या पहिल्या रांगेत घरची माणसे बसली. धाकट्या भावाने माणिकरावांना मागची रांग दाखवली. ‘‘तुमी पाहुन्याइत बसा जी.’’ ते तिथे जाऊन बसले. समोरच्या रांगेतल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल अक्षरांत ‘वसंत’ लिहिलेले होते. त्यांना दुसरे काही दिसण्याची सोय नव्हती.

संध्याकाळी थोरला भाऊ जवळ आला. ‘‘बातमी तुमीच लिहा, माणिकराव. तुमी साऱ्याइची लिहिता.’’

माणिकराव उठून उभे राहिले. खिशातून पेन काढले. नाव, वय, गाव यातले काही त्यांना विचारायचे नव्हते, तरी त्यांनी सगळे विचारले. घरात कोण कोण आहे, हेही विचारले. दोन भाऊ, भावजया, पुतणे, एक पुतणी. मग थांबले.

‘‘आनखी कोन रडून राह्यलं?’’

थोरल्याने मान खाली घातली. धाकटा म्हणाला, ‘‘बस झालं ना एवढं. लोकं हासतीन.’’

थोरल्याची बायको ओसरीवर होती. ती तिथूनच बोलली. ‘‘लोकं सतरंज्या न्याले आले तवा हासले का? लिहा भाऊजी. माह्या दिरानं तुमच्याबिगर एक दिवाळी नाई केली. तुमी नाई त् कोन?’’

धाकटा काहीतरी पुटपुटला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले नाही. ‘‘लिहा,’’ तो म्हणाला. ‘‘आमाले का माहीत नाई?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावांनी बातमी टाइप केली. नेहमीसारखी चार वाक्ये. शेवटचे असे होते: ‘त्यांच्या पश्चात सहचर माणिकराव, दोन भाऊ, भावजया, पुतणे, पुतणी असा परिवार आहे.’ ‘सहचर’ हा शब्द त्यांनी बराच वेळ शोधला होता. ‘सोबती’ लिहिला असता तर डेस्कने त्याचा भाऊ केला असता, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

दुपारी डेस्कवरून फोन आला. माणिकराव उभे राहिले. फोनचा आवाज मोठा असल्याने खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. बोलणारे उपसंपादक सौजन्याने बोलत होते, हे नमूद करायला हवे.

‘‘माणिकराव, दुःख आहे आम्हालाही. पण हे सहचर जरा अवघड होईल. वाचक काय म्हणतील? आपण मित्र म्हणू या का?’’

‘‘मित्र ओळीत घेता का?’’

‘‘ओळीत म्हणजे... मित्र काही कुटुंबात येत नाही ना. ‘मोठा मित्रपरिवार आहे’ असं घालतो शेवटी. त्यात तुम्ही आलातच.’’

‘‘त्यात पानठेलेवाला बी आला.’’

‘‘असं पाहा, उद्या घरच्यांनी तक्रार केली तर?’’

‘‘घरच्याइनंच सांगतलं. थोरल्या भावानं. त्याच्या बायकोनं.’’

‘‘तसं लेखी आहे का?’’

माणिकरावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘म्या हजारो बायका छापल्या असतीन. एकीचं बी लेखी तुमी मागतलं नाई. लग्न लागलं का, कोठी लागलं, कोन पाह्यलं. फोनवर कोनीबी बायको म्हटलं, तुमी बायको छापली. माहंच लेखी काऊन?’’

उत्तर आले, ‘‘बघतो.’’

सकाळी अंक आला. ‘त्यांच्या पश्चात दोन भाऊ, भावजया, पुतणे, पुतणी व मोठा मित्रपरिवार आहे.’

येथे काही गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. कायद्याने हे वाक्य अडवले नव्हते. भीमपूरच्या त्या शेतकरी घराने अडवले नव्हते. ज्या वाचकांच्या नावाने ते कापले, त्यांतल्या एकालाही कोणी विचारले नव्हते. ते कापले ते शिकलेल्या, सौजन्याने बोलणाऱ्या माणसांनी. त्याच दैनिकाच्या पुरवणीत समतेवर लेख छापून येत, आणि त्यातले काही त्याच उपसंपादकांनी तपासलेले असत. लेखात माणसाला नाव नसते. इथे नाव होते, आणि ते त्यांच्याच कार्यालयातल्या माणसाचे होते. समता मथळ्यात चालते, पश्चातच्या ओळीत चालत नाही.

माणिकराव अंक घेऊन कार्यालयात आले. जाहिरातवाल्याला, पेढे मागणाऱ्या त्याच गृहस्थाला, खरोखर वाईट वाटले असावे. तो म्हणाला, ‘‘माणिकराव, बातमीचं सोडा. आपण जाहिरात टाकू. फोटो मोठा. खाली शोकाकुल म्हणून तुमचं एकट्याचं नाव. जाहिरातीत डेस्क बोट घालत नाही. दराचं मी पाहतो.’’

माणिकरावांनी त्याच्याकडे पाहिले. राग नव्हता, निदान दिसला नाही.

‘‘कोन्या बायकोकून ओळीचे पैसे घेतले का आपण? लेकराकून? त्या किराण्यावाल्याच्या पोरीकून?’’

‘‘नाही, पण—’’

‘‘साऱ्याइले फुकट भेटते ते मले इकत काऊन? इकत घेतलं त् ते माहं नाई व्हत, बाप्पा. ते भाड्याचं व्हते. भाड्याचं काय असते ते मले माहीत हाय, त्याच धंद्याच्या घरात राह्यलो मी.’’

त्यांनी ड्रॉवरमधली चष्म्याची डबी खिशात घातली. पेन टेबलावर ठेवले, ते कार्यालयाचे होते. ‘‘ज्या दिवशी वसंताची ओळ छापसान, त्या दिवशी येतो,’’ म्हणाले आणि गेले. तो दिवस अजून आलेला नाही. मी दोनदा ती बातमी दुरुस्ती म्हणून पाठवली. ‘चूक असेल तर दुरुस्ती छापतात, ही चूक नाही,’ असे उत्तर आले.

आता निधनवार्ता मोबाइलवर येतात. घरचे लोकच मजकूर पाठवतात, फोटो जोडतात. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. जातीबाहेर गेलेल्या मुली, शेतावरची दुसरी घरे, सोबतिणी, या सगळ्या पुन्हा ओळीबाहेर गेल्या आहेत. पान मात्र स्वच्छ दिसते. डेस्कची कसलीही तक्रार नाही.

बिछायत केंद्र चालू आहे. थोरल्या भावाने आणि त्याच्या बायकोने ते माणिकरावांकडेच ठेवले. धाकटा वर्षभर बोलत नव्हता, नंतर बोलू लागला. माणिकराव टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून जातात, खुर्च्या स्वतः मांडतात. लग्नात फारसे दिसत नाहीत. तेरवीला हमखास असतात.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते अशाच एका तेरवीला. नेरडीगोंड्याजवळ हायवेवर स्कूटरला ट्रकने उडवले, त्यात एक शिक्षिका गेली होती. गावातल्याच एका शाळेत शिकवायची. दुसऱ्या एका शिक्षिकेसोबत खोली घेऊन राहत होती, आणि ती खोली नुसती भाडे वाचवण्यासाठी नव्हती, हे दोन्ही घरांना माहीत होते. आमच्या दैनिकात बातमी येऊन गेली होती. ‘पश्चात आई, वडील, भाऊ असा परिवार आहे.’

मंडपात फोटोसमोर पहिली रांग घरच्यांची होती. ती दुसरी शिक्षिका मंडपाच्या खांबाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. पदराचा बोळा तोंडात धरला होता, आवाज फुटू नये म्हणून. शेजारच्या बायका तिच्याकडे पाहत आणि मान फिरवत.

माणिकराव पाण्याचे जार उतरवून घेत होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले. टेम्पोतून एक खुर्ची काढली, मधल्या वाटेने सरळ पुढे आणली, आणि पहिल्या रांगेत, आईच्या खुर्चीला लागून, मांडली. मग मागे येऊन तिला म्हणाले, ‘‘चला बाई. तुमची जागा तिथी हाय.’’

ती हलली नाही. मृत मुलीचा भाऊ उठून आला.

‘‘काका, ती घरची नाई. ती रांग घरच्याइची हाय.’’

‘‘माहीत हाय मले. मीच मांडली.’’

‘‘मंग?’’

माणिकरावांनी आवाज चढवला नाही. पण मंडपात शांतता होती, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकू गेले.

‘‘खुर्च्या माह्या हाय, दादा. ती नाई बसली त् साऱ्याच उचलतो. मंग साऱ्याइनं चपलांजवळ उभं राहून रडा.’’

भाऊ वडिलांकडे पाहू लागला. वडील फोटोकडे पाहत होते. आईने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडलेला आपला पदर उचलून मांडीवर घेतला.

ती दुसरी शिक्षिका चालत पुढे गेली आणि बसली. माणिकराव टेम्पोजवळ जाऊन उभे राहिले. भजन सुरू झाले, लोक बसले, जारचे पाणी फिरले. ते बसले नाहीत. पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीच्या पाठीवर ‘वसंत’ लिहिले होते, आणि तेरवी उठेपर्यंत त्यांनी त्या लाल अक्षरांवरून नजर काढली नाही.